केंद्राचे संशोधन अनुदान : सांगली जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून वापरून पाहिल्यावर

मिक्सर, गिरणी किंवा पाण्याचा पंप घेतला की त्याच्याविषयी चार ओळींचा अभिप्राय लिहिणे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. संशोधनासाठी केंद्र सरकारकडून मिळणारे अनुदान हीदेखील एक सेवाच आहे. तिला अर्ज आहे, प्रतीक्षा आहे, हप्ते आहेत, देखभाल आहे आणि शेवटी हिशेबही आहे. तरी ती वापरणारे तिच्याविषयी जाहीरपणे क्वचितच लिहितात, कारण पुढच्या अर्जाची धास्ती प्रत्येकाला असते. ती मलाही आहे. माझ्या प्रकल्पाचा हिशेब अजून बंद व्हायचा असल्याने तो नेमका कोणत्या योजनेतला, हे मी मुद्दाम सांगत नाही. खाली योजनांविषयी जे येईल ते जाहीर झालेले आहे, आणि ज्या अडचणी येतील त्या माझ्या एकटीच्या प्रकल्पातल्या आहेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझे माहेर हरिपूरजवळचे. तिथे कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळ हळद साठवायची पेवे आहेत. जमिनीत खणलेला खोल खड्डा, कडेने उसाचे पाचट, मध्ये हळकुंडे आणि तोंडावर लिंपलेली माती, इतकी साधी ती रचना. आत हवा खेळत नसल्याने किडीला जगता येत नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नाही. तोंड काही तास उघडे ठेवायचे, मग दोरीने कंदील खाली सोडायचा आणि तो तेवत राहिला तरच उतरायचे, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. २००५ च्या महापुरात यांतली कितीतरी पेवे पाण्याखाली जाऊन कायमची निकामी झाली, आणि त्यानंतर बराचसा माल गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेवातल्या हळदीचा रंग गोदामातल्या हळदीपेक्षा चांगला टिकतो, असे बाजारातले जुने व्यापारी खात्रीने सांगतात. तो टिकतो म्हणजे नेमके काय टिकते, आणि हळदीला पिवळेपणा देणारे कर्क्युमिन व त्याची दोन भावंडे साठवणुकीच्या पद्धतीनुसार किती उरतात, हे मला मोजून पाहायचे होते. एकूण पिवळेपणा मोजायचा तर अर्क काढून स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या उपकरणावर ४२५ नॅनोमीटरला शोषण पाहिले की भागते. तिन्ही घटक वेगळे करून मोजायचे तर एचपीएलसी हे मिश्रणातले घटक वेगळे करणारे यंत्र लागते. आमच्या विभागात यांतला स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, पण तो माझ्या विद्यार्थिदशेतला होता.

असे प्रश्न मुंबईत पवईला किंवा पुण्यात पाषाणला, मोठ्या संशोधन संस्थांत बसून पडत नाहीत, आणि त्यात तिथल्या शास्त्रज्ञांचा काही दोष नाही. म्हणूनच केंद्राचा निधी मोठ्या शहरांच्या बाहेर पोहोचावा, या मागणीकडे मी उपकार किंवा आरक्षण म्हणून पाहत नाही. ज्या गावात प्रश्न आहे त्या गावात तो तपासायचे साधन असावे, इतकाच माझा मुद्दा आहे, आणि ही सेवा त्या कसोटीला किती उतरते हे मी पुढे पाहणार आहे.

योजना कमी आहेत, अशी तक्रार कोणी करू नये. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फिस्ट ही विभागांच्या पायाभूत सोयींसाठीची योजना २००० सालापासून चालू आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेने २००८ पासून पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना हात दिला आहे. वैयक्तिक प्रकल्पांसाठी पूर्वी एसईआरबी हे मंडळ होते. २०२३ च्या कायद्याने त्याची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आणि तो कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून अमलात आला. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करायचे, त्यांपैकी १४ हजार कोटी केंद्राने द्यायचे आणि उरलेले उद्योग, सार्वजनिक उपक्रम व देणगीदार यांच्याकडून आणायचे, असा तेव्हा जाहीर झालेला आराखडा आहे. उद्योगाचा पैसा जिथे उद्योग आहे तिथेच आधी जातो, हे सांगलीजवळच्या कुपवाडची आणि पुण्याजवळच्या चाकणची औद्योगिक वसाहत पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्यामुळे आमच्यासारख्यांनी त्या ३६ हजारांकडे न पाहता १४ हजारांकडेच पाहिलेले बरे.

यांतली मला सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते ती टेअर ही शिक्षकांसाठीची योजना. तिच्यात राज्य विद्यापीठातल्या किंवा महाविद्यालयातल्या शिक्षकाने नोकरी न सोडता जवळपासच्या एखाद्या नामांकित संस्थेत वर्षाला किमान ९० दिवस काम करायचे, तीन वर्षे. शिक्षकाला वर्षाला ६० हजार रुपये अधिछात्रवृत्ती आणि प्रकल्पाला वर्षाला ५ लाख, जे मूळ महाविद्यालय आणि यजमान संस्था यांच्यात निम्मे निम्मे वाटले जातात. शिक्षकाला उचलून मोठ्या शहरात नेण्याऐवजी त्याला जोडून घेण्याची ही रीत मला पटते, कारण तीन वर्षांनी तो परत आपल्याच फळ्यासमोर उभा राहतो. प्रश्न एवढाच की त्या ९० दिवसांतले तास घ्यायचे कोणी? सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापनाचा भार आहे, सहयोगी प्राध्यापकाला १४. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी जोडली तरी परीक्षांची कामे त्यातूनच वजा होतात. योजनेत पैशांची तरतूद आहे, बदली शिक्षकाची नाही.

२०२२ मध्ये आलेली शुअर (स्टेट युनिव्हर्सिटी रिसर्च एक्सलन्स) ही योजना नावातच राज्य विद्यापीठे घेऊन आली आणि तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंत अनुदान देऊ लागली. स्पर्धा आपल्यासारख्यांशीच असल्याने आयआयटीच्या प्रस्तावाशेजारी आपला प्रस्ताव पडून राहील ही भीती तिने कमी केली. २०२४ मध्ये जाहीर झालेली पेअर ही योजना मात्र अजून आमच्या फाटकापर्यंत आलेली नाही. एक नामांकित संस्था मध्यभागी आणि तिच्याभोवती उभारी धरणाऱ्या संस्था, अशी तिची चाकाच्या आऱ्यांसारखी रचना आहे; पहिल्या टप्प्यात हे आरे म्हणजे केंद्रीय व राज्य सार्वजनिक विद्यापीठे आणि काही एनआयटी व आयआयआयटी आहेत. महाविद्यालयाला तिथे स्वतःच्या नावाने जागा नाही. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन महाविद्यालयांचे मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले, तेव्हा त्याच इमारतींचा आणि त्याच शिक्षकांचा कागदावरचा वर्ग बदलला; एखाद्या योजनेचे दार उघडायला असा वर्ग बदलावा लागतो, ही गोष्ट मला विनोदी वाटते आणि थोडी त्रासदायकही.

आता अनुभव. अर्ज भरण्याची व्यवस्था चांगली आहे, हे आधी मान्य करते. सगळे ऑनलाइन आहे, कोणाची ओळख लागत नाही, दिल्लीला एकही फेरी होत नाही. पूर्वी लघुसंशोधन प्रकल्पाच्या प्रती स्पायरल बाइंडिंग करून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुण्यातल्या प्रादेशिक कार्यालयात पोहोचवाव्या लागत, त्या दिवसांच्या तुलनेत हे सुखच आहे. अवघड आहे ते प्रस्तावाचे लेखन. संदर्भ वाचायला मी सहा शनिवार कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात घालवले. मोठ्या संस्थांमध्ये प्रस्तावाचे अंदाजपत्रक तपासणारा, कोणत्या रकान्यात काय बसते हे सांगणारा स्वतंत्र विभाग असतो. आमच्याकडे ते काम मी, आमचे मुख्य लिपिक आणि शेजारच्या महाविद्यालयातले अनुभवी सर यांनी चहाच्या टपरीवर बसून केले. सरांचा एक सल्ला कायमचा लक्षात राहिला: "बाई, उपकरणाची किंमत सगळेच लिहितात. तुम्ही आधी एसी, यूपीएस आणि सॉल्व्हंट लिहा. पुढं कोण देत नाही." मी यूपीएस लिहिला. एसी लिहायचा राहिला.

मंजुरीला वेळ लागला, पण परीक्षकांचे अभिप्राय उत्तम होते आणि ते मला या सेवेतले सर्वांत मोलाचे वाटतात. एका परीक्षकाने विचारले होते की पेवातली आणि गोदामातली हळद एकाच शेतातली, एकाच दिवशी शिजवलेली असेल तरच तुलनेला अर्थ आहे, त्याची सोय कशी करणार? हा प्रश्न मला सुचायला हवा होता. त्यामुळे मी दोन शेतकऱ्यांशी आधीच बोलून ठेवले आणि एकाच कढईतला माल पेव, गोदाम आणि शीतगृह अशा तीन प्रकारे साठवायचे ठरवले. ज्याचे नाव मला कधीच कळणार नाही अशा माणसाने माझे काम सुधारले. पैशांपेक्षाही हे लाभणे दुर्मीळ आहे, निदान तालुक्याच्या गावी तरी.

मंजुरीनंतरचा काळ मात्र या सेवेच्या खऱ्या उणिवा दाखवणारा होता. प्रस्तावातले एचपीएलसीचे कोटेशन १४ लाखांचे होते आणि नोंदणीकृत संशोधन संस्थांना तेव्हा मिळणाऱ्या सवलतीनुसार त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ७० हजार रुपये धरले होते. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली आणि दर १८ टक्के झाला. त्याच उपकरणावर मग २ लाख ५२ हजार कर झाला. वरचे १ लाख ८२ हजार मंजूर रकमेत कुठेच नव्हते. मोठ्या संस्थेत असा फरक दुसऱ्या एखाद्या शीर्षातून भरून काढता येतो. मी तो रसायनांच्या रकान्यातून काढला, आणि पुढे दीड वर्ष एचपीएलसीला लागणाऱ्या अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाची बाटली तुपाच्या बरणीसारखी जपून वापरली.

उपकरण आले ते फेब्रुवारीत, दुपारी. आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचरांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते धावत वर्गाच्या दारात आले. "मॅडम, मशीन आलंय, पर ट्रकवाला म्हणतोय मी फाटकापर्यंतच. वर कोण न्यायचं?" प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. शेवटी वसतिगृहातली आठ मुले आणि उसाच्या ट्रॅक्टरवर काम करणारे दोन हमाल यांनी ती लाकडी खोकी, प्रत्येक पायरीवर थांबत, वर चढवली आणि त्या सगळ्यांना मी मिसळ खाऊ घातली. हा खर्च कोणत्याही विवरणपत्रात बसला नाही. पुरवठादाराचा अभियंता पुण्याहून यायचा होता. तो सहा आठवड्यांनी आला. जोडणीच्या अहवालावर त्याची सही झाल्याशिवाय अंतिम बिल देता येत नाही, आणि तो आला तेव्हा ३१ मार्च उलटून गेला होता.

इथे ३१ मार्चचा अर्थ सांगायला हवा. केंद्राच्या आताच्या व्यवस्थेत अनुदानाची रक्कम महाविद्यालयाच्या खात्यात येऊन पडत नाही. शून्य शिलकीचे खाते असते, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत खर्च टाकला की तेवढेच पैसे उतरतात, आणि आर्थिक वर्ष संपले की न वापरलेली मर्यादा संपते. पूर्वी कोट्यवधी रुपये संस्थांच्या खात्यांवर वर्षानुवर्षे पडून राहत, तो प्रकार थांबवण्यासाठी हे आहे आणि हेतू योग्यच आहे. मात्र ज्या गावात अभियंता पुण्याहून येतो, सुटा भाग मुंबईहून येतो आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर काहीच येत नाही, त्या गावात खर्चाचा वेग पुण्यासारखा नसतो. माझी उपकरणाची रक्कम परत गेली. ती नव्या वर्षात पुन्हा मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडला. तोवर पुरवठादाराचे फोन प्राचार्यांना, प्राचार्यांचे मला, आणि माझे दिल्लीच्या एका अत्यंत सौजन्यशील आवाजाला, असे चक्र चालू होते. तो आवाज दर वेळी "फाइल प्रक्रियेत आहे" असे सांगायचा, आणि खोटे बोलत नव्हता.

जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनाशिवाय करायच्या खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर, खरेदी समितीमार्फत करायच्या खरेदीची १० लाखांवरून २५ लाखांवर गेली. चांगला निर्णय आहे. आमच्या कार्यालयात मात्र प्रत्येक खरेदीला तीन कोटेशनांची जुनीच फाइल पुढे येते, कारण नवा नियम आपल्याला लागू आहे असे लेखी सांगणारे कोणी नाही, आणि लेखापरीक्षणात अडकण्यापेक्षा उशीर परवडला, असे लिपिकाला वाटते. त्याच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते.

मनुष्यबळाविषयी एक गोष्ट, जी माझ्या विभागाबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसेल. प्रकल्पात कनिष्ठ संशोधन अधिछात्र नेमता येतो. जानेवारी २०२३ पासून त्याचे मानधन महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे आहे. रक्कम न्याय्य आहे, कमीच म्हणावी लागेल. पण त्याच खोलीत तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे एक सहकारी आहेत, पीएच.डी. झालेले, नेट उत्तीर्ण, ज्यांच्या हाती महिन्याकाठी याच्यापेक्षा बरेच कमी पडते आणि सुट्टीत काहीच पडत नाही. ज्या दिवशी मी जाहिरात काढली त्या दिवशी त्यांनी विचारले, "मॅडम, मी अर्ज केला तर चालेल का?" वयोमर्यादेत ते बसत नव्हते. नेमलेली मुलगी जत तालुक्यातली आहे, हुशार आहे, एसटीच्या वेळा सांभाळून काम करते. आणि सहकाऱ्यांनीच तिला एचपीएलसी चालवायला शिकवले, फुकट. केंद्राच्या अनुदानाचे आकडे पाहताना राज्याच्या शिक्षकभरतीचे हे असे चित्र शेजारीच ठेवून पाहावे, एवढेच मी म्हणेन.

ज्या दोन सोयींनी माझा प्रकल्प वाचवला त्या मात्र मनापासून वाखाणण्यासारख्या आहेत. पहिली, शिवाजी विद्यापीठातले सामायिक उपकरण केंद्र. आमचे उपकरण रखडले होते तेव्हा पहिल्या तुकडीचे नमुने मी बर्फाच्या डब्यातून कोल्हापूरला नेले. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर, सकाळी नमुने देऊन विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाला परत. दुसरी, आय-स्टेम हे संकेतस्थळ, जे जानेवारी २०२० मध्ये सुरू झाले आणि ज्यावर देशभरातल्या सार्वजनिक संस्थांमधली उपकरणे शोधून वेळ राखून ठेवता येते. त्यावरची माहिती नेहमी ताजी नसते, काही यंत्रे कागदावर चालू आणि प्रत्यक्षात दुरुस्तीला असतात. तरी महाविद्यालयातल्या शिक्षकाला एवढे तरी दिसू लागले की कोणते यंत्र कुठे आहे. ५० किलोमीटरवर चालते, देखभाल असलेले यंत्र हे पहिल्या मजल्यावरच्या बंद यंत्रापेक्षा कधीही चांगले, असे माझे मत आता झाले आहे, आणि तीन वर्षांपूर्वी ते नेमके उलटे होते. प्रत्येक महाविद्यालयाला एकेक एचपीएलसी देण्यापेक्षा सांगली, सातारा आणि कोल्हापूर मिळून एक फिरता अभियंता आणि एक खरेदी अधिकारी दिला असता, तर मी माझ्या अनुदानातले पाच लाख आनंदाने सोडले असते.

हा अनुभव फक्त आपलाच नाही, म्हणून एक तुलना करते. अमेरिकेत संघराज्याच्या निधीतून संशोधनाला पैसे देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या १९५० च्या मूळ कायद्यातच निधी अवाजवी एकवटू नये असे म्हटले होते. तरी तो मूठभर राज्यांतच जात राहिला. म्हणून १९७९ मध्ये एपस्कोर हा कार्यक्रम आला आणि पहिल्या फेरीत आर्कान्सॉ, मेन, माँटाना, साउथ कॅरोलायना व वेस्ट व्हर्जिनिया या पाच राज्यांना मदत मिळाली. फाउंडेशनच्या एकूण निधीपैकी पाऊण टक्का किंवा त्याहून कमी वाटा ज्या राज्याला मिळतो ते राज्य यात बसते, असा त्याचा निकष आहे. अलीकडच्या यादीत २५ राज्ये आणि ३ प्रदेश आहेत. २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने या राज्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवत २०२९ च्या आर्थिक वर्षापर्यंत २० टक्क्यांवर न्यायचे ठरवून दिले. यात मला दोन गोष्टी घेण्याजोग्या वाटतात. निकष प्रदेशाचा आहे, संस्थेच्या प्रकाराचा नाही. आणि पैसा एकेका प्राध्यापकाच्या प्रकल्पापेक्षा प्रयोगशाळा, प्रशिक्षित माणसे आणि संस्थांमधले जाळे उभे करायला वापरला जातो. तिसरी गोष्ट सावध करणारी आहे. त्या पहिल्या पाच राज्यांपैकी पाचही राज्ये चार दशकांनंतर अजून त्याच यादीत आहेत. त्यावरून कोणी कार्यक्रम फसला असे म्हणेल. मला त्यातून इतकेच दिसते की हे काम एका पंचवार्षिकात उरकणारे नाही.

प्रदेशाचा निकष आपल्याला परका आहे असेही नाही. केंद्रीय मंत्रालयांनी आपल्या तरतुदीतला किमान १० टक्के भाग ईशान्येकडील राज्यांसाठी ठेवायचा, हे धोरण जुने आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने त्यातून ईशान्येतल्या संस्थांना देशातल्या इतर संस्थांशी जोडून देणारा कार्यक्रमही चालवला. अडचण आमच्यासारख्या जिल्ह्यांची आहे. साखर कारखाने, द्राक्षे आणि सहकार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चिम महाराष्ट्राला संशोधनात उपेक्षित म्हटले तर मुंबईतला माणूस हसतो. राज्य हे एकक धरले तर महाराष्ट्र श्रीमंतच दिसणार, कारण टीआयएफआर, आयआयटी, एनसीएल, आयुका, आयसर ही सगळी मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात आहेत. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतल्या महाविद्यालयाला त्या श्रीमंतीचा उपयोग किती, हे राज्याच्या सरासरीत कधीच दिसणार नाही. म्हणून एपस्कोरची कल्पना आपल्याकडे आणायची झाली तर एकक जिल्ह्याचे हवे.

आणि केंद्राचे विज्ञान आमच्याकडे आलेच नाही असे म्हटले तर तेही खोटे ठरेल. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या परिसराचा अभ्यास चालूच राहिला. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा कराडला आहे आणि कोयनेच्या खोऱ्यात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधन विवर घेतले गेले. महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा आहे. ही कामे जागतिक तोलाची आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. मात्र तिथे जमीन, धरण, ढग आमचे आहेत. प्रश्न विचारणारे बहुतेक बाहेरून आलेले आहेत. कराडच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या शिक्षकाला त्या विवरातल्या माहितीवर स्वतःचा लहानसा प्रकल्प करण्याएवढा पैसा आणि वेळ मिळाला, तर मी म्हणेन निधी साताऱ्याला पोहोचला.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी माझे प्रामाणिक मत असे. पहिल्यांदाच अर्ज करत असाल तर मोठे उपकरण मागू नका. नमुने गोळा करण्याचा प्रवास, सामायिक केंद्राचे शुल्क, रसायने आणि एक माणूस एवढेच मागा, आणि उपकरण मागायचेच असेल तर पाच वर्षांचा देखभाल करार किमतीतच धरून मागा, कारण प्रकल्प संपल्यावर त्यासाठी पैसे देणारे कोणी नसते. खरेदीचा आदेश ऑक्टोबरच्या आत काढा. आपल्या लिपिकाला पहिल्या दिवसापासून प्रकल्पात धरा; विनियोग प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सगळे यूसी म्हणतो, ते वेळेवर जाणे त्याच्या हाती असते आणि यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर प्रस्तावाच्या परीक्षणाला मी पाच देईन, रकमेला चार, आणि पैसे हाती येऊन काम उभे राहीपर्यंतच्या सगळ्या व्यवस्थेला दोन. सरासरी ज्याची त्याने काढावी. इतके होऊनही मी पुन्हा अर्ज करणार आहे.

निष्कर्ष मात्र इतक्यात सांगता येत नाहीत. तीन पेवांतले नमुने तपासून झाले आहेत, गोदामातले आणि शीतगृहातलेही. चौथे पेव, ज्यात एकाच कढईतला माल सर्वांत जास्त काळ पडून आहे, ते अजून बंद आहे. त्याचे मालक माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि मला अजून पोरीच म्हणतात, गेल्या आठवड्यात विचारायला गेले तर म्हणाले, "भाव येऊ दे की पोरी, मग उघडू." त्यामुळे माझ्या प्रकल्पाचा शेवटचा नमुना मार्चअखेरीच्या आत मिळेल की नाही, हे सध्या सांगलीच्या बाजारातल्या हळदीच्या दरावर आहे, आणि मुदतवाढीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात हे कोणत्या शब्दांत लिहावे याचा मी कालपासून विचार करते आहे.